धडा

नोव्हेंबर. आयोवात मका कापून झालाय, शेतांत नुसते खुंट.
डेलमार रेडिओ बंद करत नाही.
रेडिओतला माणूस म्हणतो, कागद जळतो, सोनं उरतं,
आणि डेलमारच्या मानेवरची शीर
त्याच्या बोलण्याबरोबर उडते.

एकतीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात गिअर तासले त्याने.
ते सगळं आता एका आकड्यात मावतं,
टेबलावर, मीठदाणीखाली:
चौऱ्याऐंशी हजार डॉलर.
म्हणतो, सोनं करू याचं.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पाकिटं फोडली.
तीन कंपन्या, तीन गरुड, तीन हसरी म्हातारी जोडपी,
आमच्याहून चांगल्या दातांची.
पहिलीत खातं उघडायचे पन्नास, मग सालीना सव्वाशे,
तिजोरीचं भाडं निराळं, आणि त्यातही
तुमची नाणी स्वतंत्र कप्प्यात हवीत तर दीडशे,
सगळ्यांच्या राशीत चालतील तर शंभर.
दुसरीत सगळं टक्क्यांनी,
म्हणजे सोनं चढलं की भाडंही मागोमाग जिना चढणार.
तिसरीवर ठळक अक्षरांत: शून्य.
पाच वर्षं शून्य. वर चांदी फुकट.
डेलमारचं बोट तिथून हलेना.

आता माझं सांगते.
मी सव्वीस वर्षं धान्याच्या कोठारावर काट्याशी बसले.
कपाटाएवढी खोली, पायाशी हीटर,
बाहेर जमिनीत गाडलेला ट्रकएवढा काटा.
ट्रक भरून यायचा, मी आकडा लिहायचे.
रिकामा होऊन यायचा, मी आकडा लिहायचे.
मधला फरक तो मका.
वर्नन टीगार्डन भरल्या ट्रकच्या वेळी आत बसून राहायचा,
रिकाम्याच्या वेळी सिगरेट ओढायला उतरायचा.
दोनशे दहा पौंडांचा वर्नन
दर खेपेला मक्याच्या भावाने विकला जायचा.
मला कळायला तीन खेपा लागल्या.
तेव्हापासून मी आधी माल बघत नाही.

फोन लावला.
ब्रेडन नावाचा मुलगा, पाकातून काढलेला आवाज.
फी? शून्य, मॅम.
साठवण? शून्य, मॅम.
म्हटलं, बरं. आता समज,
सकाळी मी तुझ्याकडून एक नाणं घेतलं
आणि दुपारी तेच तुला परत विकलं.
किती देशील?

त्याच्यामागे कुणीतरी हसलं, दुसऱ्याच कुठल्या फोनवर.
ते बाजारावर असतं, मॅम.
बाजार राहू दे जागच्या जागी, म्हटलं. सकाळ आणि दुपार, एवढंच.
मला धरून ठेवायला लावलं. मध्ये व्हायोलिन वाजलं.
मग एक मोठा साहेब आला, माझं आडनाव चुकवलं,
आणि शेवटी, दात काढल्यासारखा, आकडा निघाला:
शंभराचे एकोणऐंशी.

पाकिटाच्या पाठीवर मांडलं.
सतरा हजार सहाशे चाळीस.
आत बसून राहिलेला वर्नन.
पहिलीला हाच प्रश्न विचारला तर म्हणाली, शंभराचे पंच्याण्णव, लेखी देऊ.
तिचे पन्नास, सव्वाशे, दीडशे
या शून्याच्या पासंगालाही पुरत नव्हते.

डेलमारने पाकीट खिडकीशी नेऊन वाचलं. दोनदा.
मग विचारलं, पण ते असणार कुठे?
डेलावेअरला. तिजोरीत.
आणि बघावंसं वाटलं तर?
म्हटलं, या खात्यातलं घरी आणता येत नाही. कायदा आहे.
अं, म्हणाला,
आणि रेडिओचा आवाज थोडा कमी केला.

तळघरात, पाण्याच्या बंबामागे,
त्याने एक फळी ठोकून ठेवलीय.
मला जूनमध्येच दिसली होती, मी विचारलं नाही.
दहा हजारांपुरता पहिलीचा फॉर्म मी पेन्सिलने भरला,
बाकीचं आहे तिथेच.
तो उद्या सही करेल, किंवा नाही करणार.
फळी मात्र चांगली जाड आहे, ओकची,
पाण्याच्या पातळीने मापून बसवलेली,
चार स्क्रू लागले असते तिथे त्याने नऊ मारलेत.